घरमालकाची गरज आणि भाडेकरूचे घर : विदर्भातील १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशाचा एक अभ्यास

वर्धा-बल्लारपूर लोहमार्गाने भद्रावतीस येणारा प्रवासी ज्या स्थानकावर उतरतो त्याचे नाव भांदक असे आहे. गावाने आपले प्राचीन वैभव सुचविणारे नाव धारण केले, रेल्वेने जुने नाव टिकविले. नावांचा हा दुहेरीपणा येथील एकूण शासनव्यवहाराच्या इतिहासाला शोभणाराच म्हटला पाहिजे. या परिसरात १९४५ साली बांधलेले एखादे घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. ते घर बांधले गेले तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. १९५० साली ते मध्यप्रदेशात गेले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. घर जागचे हलले नाही. राज्य तीन वेळा बदलले. परंतु त्या घराची एखादी खोली भाड्याने दिलेली असल्यास मालक आणि भाडेकरू यांच्या संबंधांचे नियमन करणारा विदर्भातील आदेश मात्र १९४९ पासून ३१ मार्च २००० पर्यंत एकच राहिला. मध्यप्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडेनियंत्रण आदेश, १९४९, हे त्याचे नाव. ज्या प्रांताचे नाव त्याच्या मथळ्यावर होते तो प्रांत लयास जाऊन पन्नास वर्षे लोटली तरी हा आदेश विदर्भातील शहरांतून आपला अंमल चालवीत होता.

या आदेशातील एका उपकलमाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मालकाला स्वतःसाठी घर हवे असेल तर भाडेकरूने कोणत्या परिस्थितीत ते सोडावे, हा त्या उपकलमाचा विषय. भाडे थकविणारा, पोटभाडेकरू ठेवणारा किंवा घराची नासधूस करणारा भाडेकरू आपल्या कृतीने घर गमावतो. मालकाच्या गरजेपोटी घर सोडणाऱ्या भाडेकरूकडे मात्र कोणताही दोष नसतो. त्याने भाडे वेळेवर भरलेले असते, शेजाऱ्यांशी सलोखा राखलेला असतो, आणि तरीही त्याला जावे लागते. दोन निर्दोष पक्षांपैकी कोणाला घराबाहेर ठेवावयाचे याचा निर्णय येथे करावा लागतो. म्हणून भाडेनियंत्रणाच्या कोणत्याही कायद्याची खरी कसोटी याच ठिकाणी लागते.

१. आदेशाची पार्श्वभूमी

भाडेनियंत्रण हे युद्धाचे अपत्य होय. इंग्लंडात पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, घरभाड्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. मुंबईत त्याचे अनुकरण १९१८ साली घडले. दुसऱ्या महायुद्धात बांधकामाचे साहित्य दुर्मिळ झाले, शहरांतील वस्ती वाढली आणि भाडेनियंत्रण हिंदुस्थानच्या अनेक प्रांतांत पसरले. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४६ साली निवासजागा भाड्याने देण्याचे नियमन करणारा एक आटोपशीर अधिनियम केला. त्याने प्रांतिक सरकारला आदेश काढण्याचा अधिकार दिला आणि तपशील त्या आदेशावर सोपविला. १९४९ चा आदेश याच अधिकारात निघाला.

या रचनेचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबई प्रांतातील १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा विधिमंडळाने कलमवार मंजूर केलेला होता आणि त्याची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयांकडे होती. विदर्भाचा आदेश शासनाने काढलेला होता आणि त्याचा पहिला निर्णयकर्ता महसुली परंपरेतील अधिकारी होता. त्यास 'भाडेनियंत्रक' ही संज्ञा मिळाली. एकाच भाषेचे लोक, एकाच प्रकारचे तंटे. पण पुण्याचा भाडेकरू न्यायाधीशापुढे उभा राही आणि चांद्याचा भाडेकरू प्रथम अधिकाऱ्यापुढे. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले तेव्हा त्यांनी हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा बरोबर आणला. अशा रीतीने महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या दिवशी त्याच्या तीन भागांत तीन निरनिराळे भाडेकायदे चालू होते, आणि ही स्थिती जवळजवळ चाळीस वर्षे टिकली.

२. दोन दरवाजे

आदेशाचे तेरावे कलम हा भाडेकरूच्या संरक्षणाचा गाभा होता. नियंत्रकाची लेखी पूर्वपरवानगी घेतल्यावाचून मालकाने भाडेकरार संपविण्याची नोटीस देऊ नये, असे त्या कलमाने सांगितले. मालकाने नियंत्रकाकडे अर्ज करावा, उभय पक्षांचे म्हणणे ऐकले जावे आणि कलमात दिलेल्या कारणांपैकी एखादे सिद्ध झाल्याची खात्री पटल्यास नियंत्रकाने परवानगी द्यावी, असा क्रम होता. तीन महिन्यांची थकबाकी, थकबाकीची सवय, विनापरवाना पोटभाडे, भाडेकरूने दुसरी जागा मिळविणे, अत्यावश्यक दुरुस्ती ही त्यांपैकी काही कारणे. मालकाची स्वतःची गरज हे त्यांतील सहावे.

परवानगी मिळाली म्हणजे घर मिळाले असे नव्हे. परवानगीने मालकास नोटीस देण्याचा अधिकार तेवढा प्राप्त होई. नंतर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०६ व्या कलमान्वये नोटीस द्यावयाची, तिची मुदत संपावयाची आणि भाडेकरूने ताबा न सोडल्यास दिवाणी न्यायालयात दावा लावावयाचा. नियंत्रकाच्या निर्णयावर महसुली अधिकाऱ्यांच्या श्रेणीत अपील होई, त्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे रिट अर्ज करता येई. दिवाणी दाव्याची अपिलांची शिडी निराळीच. एका घरासाठी दोन दरवाजे आणि प्रत्येक दरवाजास दोन-तीन कड्या, अशी ही व्यवस्था होती.

या दुहेरी व्यवस्थेचे मूल्यमापन एकेरी करता येत नाही. घरात राहणाऱ्यास विलंब नेहमीच उपकारक असतो, आणि प्रामाणिक गरज असलेल्या मालकास तो तितकाच जाचक असतो. सेवानिवृत्तीनंतर आपल्या घरात राहू इच्छिणाऱ्या शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. परवानगी, अपील, रिट, नोटीस, दावा आणि पुन्हा अपील इतक्या पायऱ्या चढेपर्यंत त्याच्या आयुष्याची संध्याकाळ भाड्याच्या खोलीत जाण्याचा संभव होता. दुसऱ्या बाजूस हेही खरे की, वकिलाची फी भरण्याची ऐपत नसलेल्या भाडेकरूस पहिल्या दरवाजाचे मोल फार मोठे होते. मालकाने नुसती नोटीस पाठवून त्यास घाबरविता येत नव्हते. नोटीस पाठविण्यापूर्वीच मालकास आपले कारण एका अधिकाऱ्यापुढे मांडावे आणि सिद्ध करावे लागे. कायदा न जाणणारा भाडेकरू नोटिशीच्या कागदासच निकाल समजून घर सोडतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस या पूर्वअटीचे महत्त्व सांगावयास नको.

३. उपकलमाची शब्दरचना

सहाव्या कारणाचा आशय असा : मालकास ते घर किंवा त्याचा काही भाग स्वतःच्या खऱ्याखुऱ्या वापरासाठी पाहिजे असावा, मात्र त्याच शहरात किंवा गावात तो स्वतःच्या मालकीच्या दुसऱ्या घरात राहत नसावा. वाक्य लहान आहे, परंतु त्यातील शब्दांनी पन्नास वर्षे न्यायालयांस काम पुरविले.

प्रथम 'गरज' हा शब्द. मूळ इंग्रजी पाठात गरज दर्शविणारे क्रियापद योजलेले आहे, इच्छा दर्शविणारे नाही. मराठीत या दोहोंतील अंतर मोठे मनोरंजक आहे. 'गरज' हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हेतू, उद्देश, मनातील मतलब असा आहे. आपल्याकडे येता येता तो 'ज्याच्यावाचून चालत नाही ते' या अर्थावर स्थिरावला. हिंदी-उर्दूतील 'खुदगर्ज' या समासात जुना अर्थ अद्याप जिवंत आहे : स्वार्थ पाहणारा तो खुदगर्ज. म्हणजे एकाच शब्दाच्या पोटात मतलब आणि निकड हे दोन्ही अर्थ नांदून गेले आहेत. घरमालकाच्या अर्जाची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे नेमका हाच प्रश्न असे. मालकाच्या तोंडी असलेली गरज ही निकड आहे की मतलब? वाढीव भाडे देणारा नवा भाडेकरू मिळावा म्हणून पुढे केलेली सबब आहे की लग्न झालेल्या मुलाचा संसार मांडण्यास खोली नाही म्हणून आलेली अडचण आहे?

दुसरा शब्द 'बोना फाइडी'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सद्भावनेने'. मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात हा शब्द 'वाजवीपणे' या क्रियाविशेषणाच्या जोडीने येतो. जागा मालकास 'वाजवीपणे आणि सद्भावनेने' आवश्यक असावी, अशी तेथील रचना आहे. दोन्ही शब्द आवश्यक असण्याच्या क्रियेचे विशेषण आहेत. विदर्भाच्या आदेशात तोच लॅटिन शब्द नामाला जोडलेला आहे. तेथे वापर 'खराखुरा' असावा लागतो, आणि 'वाजवीपणे' हा शब्द त्या वाक्यात नाही. व्याकरणातील हा फरक वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु वाजवीपणा ही तुलनेची कल्पना आहे. वाजवी कशाच्या मानाने, हा प्रश्न तिच्यातून आपोआप उद्भवतो आणि भाडेकरूची स्थिती विचारात येण्यास वाट मिळते. खरेपणा ही तुलनेची कल्पना नाही. मालक खरोखर राहावयास येणार आहे हे एकदा ठरले की भाडेकरू कोठे जाईल हा प्रश्न त्या शब्दात बसत नाही.

तिसरी गोष्ट परंतुकाची. मालक 'दुसऱ्या घरात राहत नसावा' असे परंतुक म्हणते. 'दुसरे घर मालकीचे नसावे' असे म्हणत नाही. ज्याची शहरात तीन घरे आहेत आणि तिन्ही भाड्याने दिलेली आहेत, तो स्वतः भाड्याच्या खोलीत राहत असल्यास परंतुकाच्या शब्दांत अडकत नाही. उलट, ज्याचे एकच जुने पडके घर आहे आणि जो त्यातच कसाबसा राहतो, त्याला त्याच गावातील आपले दुसरे घर मागताना परंतुकाशी झगडावे लागे. शिवाय 'त्याच शहरात किंवा गावात' ही मर्यादा होती. चांदा जिल्ह्यात मालगुजारीची परंपरा दीर्घ होती. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे स्वामित्वाधिकार संपले, तरी राहते वाडे आणि शहरातील घरे त्या कुटुंबांकडे राहिली. ज्याचा वाडा खेड्यात आणि घर शहरात, अशा कुटुंबास शहरातील घर मागण्यास या परंतुकाचा अडसर नव्हता.

४. 'स्वतः' म्हणजे कोण?

मालकाची गरज म्हणजे कोणाची गरज, हा पुढचा प्रश्न. याच सुमारास शेतजमिनीच्या क्षेत्रात हा प्रश्न कायद्याने निराळ्या तऱ्हेने सोडविला होता. विदर्भासाठी केलेल्या १९५८ च्या कूळवहिवाट कायद्याने जमीनमालकास 'स्वतः कसण्यासाठी' काही मर्यादेत जमीन परत घेण्याचा अधिकार दिला, परंतु त्याबरोबरच 'स्वतः कसणे' म्हणजे काय याची व्याख्याही दिली : स्वतःच्या श्रमाने, कुटुंबीयांच्या श्रमाने, किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजुरी देऊन, पिकाचा वाटा देऊन नव्हे. घराच्या कायद्यात 'स्वतः राहणे' याची अशी व्याख्या झाली नाही. शेतीच्या बाबतीत कुळाचे हित हे राष्ट्रीय चळवळीने पुढे आणलेले हित होते. शहरी भाडेकरूच्या पाठीशी असा संघटित वारसा विदर्भात उभा राहिला नव्हता, हे या फरकामागील एक कारण असावे.

ही उणीव न्यायालयांनी भरून काढली. मालकाचे कुटुंब हे मालकाच्या 'स्वतः'मध्ये येते, हा विचार हळूहळू स्थिरावला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली पंजाबच्या कायद्याखालील एका प्रकरणात त्याची व्यापक मांडणी केली. ज्या व्यक्तीशी मालकाचे नाते आणि परस्परावलंबन असे आहे की, तिची गरज ती समाजदृष्ट्या त्याचीच गरज मानली जाते, तिच्या गरजेसाठीही 'स्वतःच्या वापरा'चा आधार घेता येईल, असा तिचा मथितार्थ. मराठी कुटुंबाच्या अनुभवाशी हे सुसंगत आहे. धाकट्या भावाचे बिऱ्हाड वेगळे करणे किंवा शिक्षणासाठी आलेल्या मुलीची सोय करणे ही घरच्या कर्त्याची स्वतःचीच जबाबदारी मानली जाते.

५. शासनाची गरज

१९४९ च्या आदेशाचे एक वैशिष्ट्य असे की, मालकाच्या स्वतःच्या गरजेचा विचार त्यात दोन वेळा आलेला आहे. एकदा भाडेकरूच्या विरोधात, आणि दुसऱ्यांदा शासनाच्या विरोधात. आदेशाचे तिसरे प्रकरण घरे रिकामी होण्याविषयी होते. ज्या क्षेत्रास ते प्रकरण लागू असे तेथे घर रिकामे होणार हे समजल्यापासून सात दिवसांत मालकाने त्याची खबर जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीस द्यावी, असे बाविसावे कलम सांगे. खबर मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ते घर सरकारी नोकरास किंवा विस्थापितास भाड्याने देण्याचा हुकूम निघू शके. आदेश १९४९ चा आहे हे लक्षात घेता 'विस्थापित' या शब्दामागील वास्तव ध्यानात येईल : फाळणीनंतर दोनच वर्षांनी, सिंध आणि पंजाबातून आलेल्या कुटुंबांना छप्पर देण्याची तातडी तेव्हा मध्यप्रांतासही भेडसावीत होती.

याच ठिकाणी मालकाची गरज पुन्हा प्रकट होते. खबर देताना मालकाने घर स्वतःस हवे असल्याचे सांगितले आणि चौकशीअंती ते खरे ठरले, तर त्यास तेथे राहू द्यावे, असे तेविसाव्या कलमाचे परंतुक होते. म्हणजे भाडेकरूपुढे गरज सिद्ध करून मालकाने घर मिळवावे, आणि ते रिकामे झाल्यावर शासनापुढे तीच गरज पुन्हा सिद्ध करावी, असा प्रसंग तत्त्वतः संभवत होता. घर ही खाजगी मालमत्ता असली तरी निवारा ही सार्वजनिक टंचाईची वस्तू आहे, हा विचार आदेशाने इतक्या स्पष्टपणे स्वीकारला होता. खबर न देता मालकाने परस्पर भाडेकरू ठेवल्यास काय, या प्रश्नाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली केला. असा करार शासनास बांधील नसला तरी त्या दोन पक्षांपुरता तो शून्यवत होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. विदर्भातील अनेक भाडेकरूंचे संरक्षण या एका निर्णयावर अवलंबून होते. तो उलट लागता तर खबर न दिल्याच्या मालकाच्या चुकीची शिक्षा भाडेकरूस भोगावी लागली असती.

६. तराजू

मुंबईच्या कायद्यात विदर्भाच्या आदेशाहून एक मोठी गोष्ट अधिक होती. मालकाची गरज वाजवी आणि सद्भावनेची आहे असे सिद्ध झाल्यावरही न्यायालयास आणखी एक प्रश्न विचारावा लागे : हुकूमनामा दिल्याने भाडेकरूचे होणारे हाल तो नाकारल्याने मालकाचे होणाऱ्या हालांपेक्षा अधिक आहेत काय? अधिक असल्यास हुकूमनामा देता येत नसे. उभयतांस पर्यायी जागा उपलब्ध आहे की नाही हेही पाहावे लागे. जागेच्या एका भागाचाच ताबा दिल्याने कोणाचेही हाल होत नसल्यास तेवढ्याच भागाचा हुकूमनामा द्यावा, असाही नियम होता. या तौलनिक हालाच्या तत्त्वाचे मूळ इंग्लंडच्या १९३३ च्या कायद्यात स्पष्टपणे दिसते. मुंबईच्या कायद्याने आणखी एक सावधगिरी घेतली होती. ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात मालक राहावयास आला नाही, किंवा एका वर्षाच्या आत त्याने दुसऱ्यास जागा भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरूस जागा परत मिळविण्यासाठी न्यायालयाकडे जाता येई.

विदर्भाच्या उपकलमात हा तराजू नव्हता. मालकास खरी गरज आहे आणि तो त्या गावात स्वतःच्या दुसऱ्या घरात राहत नाही एवढे सिद्ध झाले की, भाडेकरूच्या घरात आजारी वृद्ध आहेत काय, मुले जवळच्या शाळेत जातात काय, त्याच भाड्यात दुसरी खोली मिळेल काय, हे प्रश्न उपकलमाच्या शब्दांबाहेर राहत. विदर्भाच्या भाडेकरूचे संरक्षण दरवाजावर होते; पुण्या-मुंबईच्या भाडेकरूचे संरक्षण तराजूत होते.

न्यायालयांनी दोन्ही ठिकाणी गरजेची कसोटी घडविली. मध्यप्रदेशातील एका प्रकरणात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मालकाची नुसती इच्छा पुरेशी नाही. गरज वस्तुनिष्ठ कसोटीवर उतरली पाहिजे. काश्मीरमधील एका प्रकरणात १९७९ साली त्याच न्यायालयाने गरजेचा अर्थ फार ताणू नये असा इशारा दिला आणि हेही नमूद केले की, घर सोडणे भाडेकरूस नेहमीच त्रासाचे असते. एवढ्यावरून तराजू त्याच्या बाजूस झुकत नाही. १९९९ साली दिल्लीतील एका प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले : न्यायाधीशाने मालकाच्या खुर्चीत बसून विचार करावा आणि तेथून गरज स्वाभाविक, खरी व प्रामाणिक दिसते काय ते पाहावे. या तीन निर्णयांचा क्रम पाहता न्यायदृष्टीचा कल लक्षात येतो. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी शंकेचा भार मालकावर होता. शतकाच्या अखेरीस न्यायालय मालकाच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवू लागले.

काळाचा प्रश्नही असाच दोन्ही बाजूंनी हाताळला गेला. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मालकाची गरज अंतिम निर्णयापर्यंत टिकली पाहिजे. मध्यंतरी त्यास दुसरी जागा मिळाल्यास त्याची दखल घेतली पाहिजे. २००१ साली त्याने असे ठरविले की, गरज पाहण्याची मुख्य तारीख अर्जाची होय. खटला वर्षानुवर्षे चालला म्हणून मालकाच्या मुलाने दुसरीकडे तात्पुरती व्यवस्था केली, तर त्याची शिक्षा मालकास होऊ नये. दोन दरवाजांच्या विदर्भात, जेथे अर्जापासून ताब्यापर्यंतचे अंतर स्वभावतःच मोठे होते, तेथे या दोन दृष्टींतील फरक घर मिळणे आणि न मिळणे यांतील फरक होता.

७. ३१ मार्च २००० आणि नंतर

मुंबईच्या कायद्याने प्रमाणित भाडे १९४० च्या पातळीशी जखडून ठेवले होते. ही जखडणूक काळाच्या ओघात मनमानी झाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९, तयार झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा येथील तिन्ही जुन्या कायद्यांचा त्याने शेवट केला; मात्र प्रलंबित प्रकरणे जुन्याच कायद्याने चालावीत अशी तरतूद केली. त्यामुळे १९४९ च्या आदेशाची सावली त्यानंतरही काही वर्षे न्यायालयांत रेंगाळत राहिली.

नव्या कायद्याच्या सोळाव्या कलमाने मुंबईची रचना साऱ्या राज्यास लागू केली. विदर्भाच्या दृष्टीने ही एक देवघेव ठरली. भाडेनियंत्रकाच्या पूर्वपरवानगीचा दरवाजा नाहीसा झाला. मालकास आता सरळ दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. त्याच्या मोबदल्यात 'वाजवीपणे' हा शब्द, तौलनिक हालाचा विचार आणि भागापुरत्या हुकूमनाम्याची तरतूद विदर्भातील भाडेकरूस मिळाली, आणि ताब्यानंतर मालक राहावयास न आल्यास जागा परत मागण्याचा मार्ग नव्या कायद्याच्या सतराव्या कलमात आला. यात कोणाचा लाभ अधिक झाला, याचे उत्तर भाडेकरूच्या ऐपतीवर अवलंबून आहे. ज्यास वकील करता येतो आणि आपली परिस्थिती पुराव्यानिशी मांडता येते, त्याच्या हाती तराजू आला. ज्यास नोटिशीचीच भीती वाटते, त्याच्यापुढचा दरवाजा गेला.

८. भद्रावतीच्या तीन प्रकारच्या घरांविषयी

हा इतिहास भद्रावतीसारख्या गावास लावून पाहिला म्हणजे त्याच्या मर्यादा स्पष्ट होतात. या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर त्या सार्वजनिक क्षेत्रात आल्या आणि १९७५ पासून वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीचा येथे व्यवहार आहे. १९६२ च्या युद्धानंतर उभारलेला चांदा आयुधनिर्माणी कारखानाही येथेच असून १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. त्यामुळे येथील निवासाचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार कंपनीच्या आणि कारखान्याच्या क्वार्टरांचा. येथे मालकाच्या वैयक्तिक गरजेचा प्रश्नच उद्भवत नाही. नोकरी संपली की राहण्याचा अधिकार संपतो आणि ताबा न सोडल्यास १९७१ च्या सार्वजनिक जागांवरील अनधिकृत भोगवटादार निष्कासन अधिनियमाखाली कारवाई होते. कामगाराची गरज कितीही खरी असली तरी ती तेथे तराजूत टाकता येत नाही. दुसरा प्रकार खाजगी घरांत भाडेकरू म्हणून राहणाऱ्यांचा. त्यांचे संरक्षण आपले गाव कायद्याच्या अनुसूचीतील क्षेत्रात येते की नाही यावर अवलंबून असते. अनुसूचीबाहेरच्या गावी १८८२ चा जुना अधिनियम तेवढा उरतो. महिनेमहाल भाडेकरूस पंधरा दिवसांची नोटीस दिली की पुरे, कोणतीही गरज सिद्ध करण्याचे कारण नाही. गावाची हद्द ओलांडताच भाडेकरूच्या हक्काचा आशयच बदलतो. तिसरा प्रकार अकरा महिन्यांच्या परवान्याने राहणाऱ्यांचा, आणि नव्या कायद्यानंतर हाच प्रकार सर्वत्र वाढत गेला आहे. परवानाधारक कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसतो. मुदत संपल्यावर चोविसाव्या कलमान्वये मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळतो. त्याची गरज खरी आहे काय, असे कोणी विचारीत नाही.

म्हणून १९४९ च्या आदेशाचा इतिहास हा केवळ रद्द झालेल्या एका कायद्याचा इतिहास नाही. पन्नास वर्षे विदर्भात एक तत्त्व मान्य होते. घर हवे असे मालकाने म्हणणे पुरेसे नाही. ते का हवे हे त्याने एका तिऱ्हाइतापुढे सांगितले पाहिजे आणि त्या तिऱ्हाइताने ते पारखले पाहिजे. २००० साली त्या पारखीची जागा बदलली, तिचे वजन काही बाबतींत वाढलेही. परंतु अकरा महिन्यांच्या करारांनी ज्या वर्गास तिची सर्वांत अधिक आवश्यकता होती त्यालाच तिच्या कक्षेबाहेर नेले आहे. खाणीच्या रस्त्यावरील एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबास आज घर सोडावे लागते तेव्हा बहुधा कोणत्याच दरवाजावर थांबावे लागत नाही आणि कोणत्याच तराजूत बसावे लागत नाही. गरज या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करण्याचे काम पूर्वी कायदा करीत असे. या कुटुंबाच्या बाबतीत ते काम आता कोणाकडेच उरलेले नाही.